सखीचं मोहनां तेल

सखीला बिस्किटं करता येत नव्हती. हे आधीच सांगून टाकतो, कारण सूर्यमाळच्या त्या पाड्यावर समाजमंदिराबाहेर आता जो फलक लागलाय, त्यावर तिच्या 'पिढ्यान्‌पिढ्यांच्या पाककलेचा वारसा' वगैरे छापलंय. छापणाऱ्याला कुणी विचारा, की बाबा, ज्यांच्या पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या बांधावर झोपडं टाकून राहिल्या, त्यांच्याकडे बिस्किटाचा वारसा कुठून आला? मैदा कुठून आला? सखीच्या बापाने वारसा म्हणून एक कोयता मागे ठेवला, तोही मुठीत हलायचा.

तर अशी ही वारसा नसलेली सखी. चाळिशीच्या अलीकडे, अंगाने काटक, तोंडाने फाटकी. खोटं बोलायला लाजत नाही, आणि पकडली गेली तर त्याहून मोठं खोटं ठोकून देते. खोडाळ्याच्या जीपमध्ये पुढची सीट हवी असली की तिला चक्कर येते. दवाखान्यात रांग मोठी दिसली की ती सरपंचाची मावसबहीण होते. सरपंच बदलला तरी मावसबहीण तीच. पाड्यावरचे लोक हसतात आणि चालवून घेतात. ज्याच्याकडे जमीन नाही, कागद नाही, ओळखीचा साहेब नाही, त्याने खर्चायचं तरी काय? तोंड आहे, ते खर्चतो.

लग्न झाल्यापासून ती आणि तिचा नवरा बारक्या दर दिवाळीनंतर वीटभट्टीला जायचे. कधी भिवंडीकडे, कधी वसईकडे, एकदा थेट गुजरातेत. भट्टीवर एकटा माणूस चालत नाही, जोडी लागते. बाप्याने गारा तुडवायचा, विटा थापायच्या. बाईने पलटायच्या, रचायच्या, वाहायच्या. मुकादम नवरा-बायको असं म्हणतच नाही. 'किती जोड्या भरल्या?' असं विचारतो, बैलबाजारात विचारतात तसं.

एका वर्षी भट्टी लवकर बंद पडली. तेव्हा त्या पावसाळ्यात दोघं विरारला एका बेकरीच्या मागच्या अंगणात राहिले. बारक्या पोती उतरवायचा, सखी ट्रे घासायची. ट्रे घासण्यापलीकडे तिने तिथे काहीही केलं नाही. पण परत आली ती 'माल लगाव', 'भट्टी गरम है क्या' असले शब्द घेऊन, आणि पाड्यावर सांगू लागली की विरारमध्ये अर्ध्या लोकांचा नाश्ता तिच्या हातचा असायचा.

या वर्षी मात्र पाऊस सरता सरता तिने जाहीर केलं, "मना भट्टीला नाय जायचां."

"का गं?" मी विचारलं. भट्टीमजुरांच्या संघटनेचं काम करतो मी, विचारायची सवयच.

"मना नाय जायचां."

"काही झालं का?"

"भाऊ, मास्तरला सुट्टीत शाला उघडायला सांगा. तो नाय म्हनला तर त्याला विचारशाल का, काय झालां म्हनून?"

खरंच आहे. खुर्चीवर बसणाऱ्याला नको म्हणायला कारण लागत नाही; विटा वाहणाऱ्याने मात्र आधी कंबर मोडून दाखवायची, मग लोक 'अरेरे' म्हणणार. सखीची कंबर धड होती. तिला जायचं नव्हतं, एवढंच.

त्याच सुमाराला एका संस्थेला आमच्या बायांना बेकिंग शिकवायची उबळ आली. उबळच म्हणायची. संस्थांना ती पावसाळ्यानंतर येते आणि मार्चअखेर जाते. त्यांनी बचत गटाला इलेक्ट्रिक ओव्हन दिला. कुठे, तर सूर्यमाळला! जिथे उन्हाळ्यात प्यायला पाणी टँकरने येतं, आणि विजेचा जोर एवढाच की बल्बमधली तार लाल झालेली मोजता यावी. ओव्हन लावला की आतला दिवा लागायचा. बस. बायांनी त्यात पापड ठेवले, उंदरांपासून राहतात. आणि शेवटी बिस्किटं भाजायला पातेलं घेतलं. खाली चूल, पातेल्यात वाळू, वाळूवर ताटली, वरच्या झाकणावर निखारे. त्यालाच सगळे भट्टी म्हणू लागले. संस्थेच्या अहवालात मात्र ओव्हनचाच फोटो आहे, हार घातलेला.

शिकवायला आल्या नेत्रा मॅडम, ठाण्याच्या. बाई वाईट नव्हती, असं म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतो. जव्हारच्या एका हॉलमध्ये त्यांनी बायांना खुर्च्यांवर बसवलं आणि टेबलावर बटर, मार्जरीन, ऑलिव्ह ऑइलची बाटली आणि एक हिरवं फळ मांडलं.

"बेकिंगमध्ये फॅट म्हणजे आत्मा," त्या म्हणाल्या. "आणि आत्मा बदलता येतो! बटर नाहीये? तेल घ्या. तेल नकोय? केळं कुस्करा. हे अॅव्होकाडो. याचा गर बटरच्या जागी घातला तर बिस्किट हेल्दी होतं."

बायांनी ते फळ हातोहात फिरवलं. वास घेतला, दाबून पाहिलं. गटातल्या पुंजा आजीने ते परत टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "कच्चां हाय."

"तुम्ही घरी कुठलं फॅट वापरता?" मॅडमनी विचारलं.

बाया एकमेकींकडे बघू लागल्या. मॅडमना वाटलं, बायांना प्रश्न कळला नाही. प्रश्न चांगला कळला होता. आमच्याकडे तेल विचारणं म्हणजे ऐपत विचारणं. सगळ्यात खाली मोहाच्या बियांचं तेल, कडवट, वासाचं, थंडीत तुपासारखं थिजणारं; ते खाणारा माणूस पार तळाचा. त्याच्या वर रेशनचं पामतेल. त्याच्या वर पिशवीतलं रिफाइंड. दिवाळीला डालडा. बटर ही वस्तू टीव्हीतली. चार लोकांत कोण सांगणार, मी कुठल्या पायरीवर उभी आहे म्हणून?

गटाची अध्यक्ष चंदा लगेच म्हणाली, "आम्ही सगळ्या रिफाइंडच वापरतो, मॅडम." चंदाचा नवरा देवराम मास्तर आहे, खोडाळ्यात स्लॅबचं घर आहे, आणि तिच्या माहेरी पाड्यावर मोहाच्या तेलाचा डबा वळचणीला टांगलेला मी या डोळ्यांनी पाहिलाय. पण मास्तरीण झालं की माणसाच्या जिभेवरचा डागसुद्धा निघत असावा.

मग सखी उभी राहिली. "आमी बेकरीत पिवला गोला वापरायचो."

"मार्जरीन!" मॅडम आनंदाने ओरडल्या. "तुम्ही बेकरीत होतात?"

"होती की. विरारला."

"आणि भट्टीवर कोण असायचं?"

"मीच. किती वर्सां भट्टीवर हाय मी."

यातलं एकही अक्षर खोटं नव्हतं. कुठली भट्टी, हे मॅडमनी विचारलं नाही. बाया पदर तोंडात कोंबून हसल्या, आणि त्याच दुपारी सखी गटाची मुख्य बेकर झाली.

आता अडचण एवढीच होती की माल घेणार कोण? जव्हारजवळच्या एका रिसॉर्टचा मॅनेजर चव पाहायला यायचा होता. पाहुण्यांना शिरपामाळ दाखवून आणलं की चहाबरोबर 'काहीतरी लोकल' द्यावं, असं त्याच्या मनात होतं. त्याला नाचणीची बिस्किटं पसंत पडली तर गटाची भट्टी रोज पेटणार, आणि भट्टीवरची बाई म्हणून सखी पाड्यावर राहणार. पसंत नाही पडली, तर त्याच संध्याकाळी वामन मुकादमाची गाडी जोड्या भरायला येणार होती. बारक्याने आपलं गाठोडं बांधूनच ठेवलं होतं. सखीने त्याचं सोडून पाहिलं, तर त्यात तिचंही लुगडं होतं. तिने ते काढून घेतलं.

चवीच्या दिवशी सकाळी बटर आलंच नाही. नेत्रा मॅडम आदल्या दिवशी ते जव्हारच्या लॉजच्या फ्रीजमध्ये ठेवून झोपल्या, सकाळी मॅनेजरच्या गाडीत बसल्या, आणि अर्धा घाट चढल्यावर त्यांना आत्मा आठवला. मग त्यांनी सखीला आवाजी निरोप पाठवला.

सूर्यमाळला फोनला रेंज येते ती पाण्याच्या टाकीशेजारच्या दगडावर. सखी दगडावर चढली, काच तडकलेला फोन कानाला लावला. मॅडम म्हणत होत्या, "अगं, बटर राहिलं लॉजवर. काही हरकत नाही. मोहन तेलाचंच घाला. चांगलं कडकडीत करा, गार होऊ दे, मग साखरेबरोबर फेटा."

मोहन म्हणजे खुसखुशीत व्हायला पिठात घालायचं तेल नाहीतर तूप, हे तुम्हाआम्हाला माहीत. सखीला कुठून माहीत असणार? मराठी ही तिची शाळेतली आणि बाजारातली भाषा. शाळा चौथीत सुटली, बाजारात मोहन विकत नाहीत. तिच्या घरच्या बोलीत 'चा-ची-चं' नाही, 'ना-नी-नां' आहे. देवाचं घर म्हणजे देवनां घर. मोहाचं तेल म्हणजे मोहनां तेल. सखीच्या कानाला मॅडम स्वच्छ तिच्या आईच्या भाषेत बोलल्या होत्या: मोहनां तेलच घाला.

तिने निरोप पुन्हा ऐकला. मग पुंजा आजीला ऐकवला.

"मोहनां तेल सांगते गं ही!"

"मोठी बाय हाय," पुंजा आजी म्हणाली. "तिला सगलां ठावां."

आणि शंका घेण्यासारखं होतं तरी काय? ज्या बाईने कच्च्या हिरव्या फळाचं बिस्किट होतं म्हणून भर हॉलमध्ये सांगितलं, तिने मोहाचं सांगितलं तर त्यात नवल ते काय.

सखीने घरातली बाटली आणली. थंडी पडली होती, तेल बाटलीत घट्ट झालेलं. चुलीजवळ धरून पातळ केलं, कढईत ओतलं आणि कडकडीत म्हणजे धूर निघेपर्यंत तापवलं. त्या धुराबरोबर तेलाचा कडवट वास निघून गेला आणि समाजमंदिराच्या भिंतींना जाऊन बसला. मग कढई बाहेर वाऱ्यात ठेवली. माळावरचा वारा तुम्हाला माहीत नसेल. थोड्या वेळात तेल थिजून मलईसारखं झालं. साखरेबरोबर फेटलं तर पांढरं, फुगीर. बटरने याहून वेगळं काय केलं असतं?

पहिला घाणा मात्र फसला. मॅडमनी बटर जेवढं घालायला शिकवलं होतं तेवढंच तेल तिने घातलं. बटरात थोडं पाणी असतं, तेल निखळ तेल. बिस्किटं ताटलीभर पसरून एकच भाकरी झाली. सखीने ती भाकरी तुकडे करून तिथेच उभ्या उभ्या खाऊन टाकली. पुरावा नको! दुसऱ्या घाण्याला मूठमूठ पीठ वाढवत गेली, गोळा हाताला चिकटायचा थांबला तेव्हा थांबली. या वेळी बिस्किटं उभी राहिली, वरून तडकली, काळपट तपकिरी रंगावर आली.

तेवढ्यात मी आणि चंदा खोडाळ्याहून जीपने पोचलो. पाहुणे येणार तेव्हा गर्दी दिसली पाहिजे म्हणून चंदाने मला ओढून आणलं होतं. दारातच ती थबकली.

"हा वास कसला? सखे! काय जाळलंस?"

"काय नाय. मोहनां तेल."

"मोहाचं तेल? बिस्किटात?" चंदाने कपाळावर हात मारला. "अगं भवाने, रिसॉर्टच्या माणसाला दिव्याचं तेल खायला घालतेस? पायाला चोळायचं तेल?"

"तुज्या मॅडमनीच सांगलां."

"मॅडम सांगतील असं? मॅडमना मोह माहीत तरी आहे का?"

"ऐक मंग." सखीने फोन पुढे केला. चंदाने ऐकलं. मी ऐकलं. मला असं हसू फुटलं की भिंत धरावी लागली. चंदाने तिला मोहन म्हणजे काय ते दात-ओठ खात समजावलं. सखीने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "मंग तसां सांगायचां. मोहनां नाव कशाला घेतलां?"

"आता काय करायचं?" चंदा म्हणाली, आणि उत्तर तिच्या पिशवीतच होतं. जव्हारच्या बाजारातून आणलेला नानकटाईचा खोका. डालड्याची, पिवळीधमक, प्रत्येकीवर अर्धा पिस्ता. "मला वाटलंच होतं तुझं काहीतरी फसणार. ही ताटात लावायची. गटाने केली म्हणून सांगायचं."

मला वाटलं, आता सखी पेटणार. सकाळपासून राबलेली बाई, स्वतःच्या हातचं. छे! ती खोक्यात वाकली, एक नानकटाई उचलून हुंगली आणि म्हणाली, "हीच लाव. मी केली म्हनून सांगते." तिला बिस्किटाचं काय पडलं होतं? तिला गाडीत बसायचं नव्हतं. तिने स्वतःची बिस्किटं सुपात घालून कोपऱ्यात सरकवली आणि वर फडकं टाकलं.

पाहुणे आले. मॅनेजर पांढऱ्या बुटांचा, गॉगल डोक्यावर. आल्या आल्या त्याने फोटो काढला: ओव्हनचा नाही, चुलीचा. नेत्रा मॅडम बायांना नावाने हाका मारत होत्या, निम्मी नावं चुकत होती. चंदाने ताट पुढे केलं. मॅनेजरने नानकटाई तोंडात टाकली, जीभ टाळूला लावून पाहिली.

"हे कशात केलंय?"

"बटर," चंदा म्हणाली.

"डालडा आहे हा. टाळूला चिकटतोय. मॅडम, हे मला कुठल्याही एसटी स्टँडवर मिळतं. यासाठी मी घाट चढून आलो?" मग त्याने नाक वर केलं. "पण हा वास कसला येतोय?"

सखीने पाहिलं की डालड्याची बाजी गेली. तिने फडकं उचललं आणि सूप त्याच्या छातीला लावलं. "हा. मोहनां तेल. मॅडमनी सांगलां होतां."

नेत्रा मॅडमचा चेहरा तेव्हा पाहण्यासारखा होता. आधी त्यांना काही कळलं नाही. मग आपला निरोप आठवला आणि कळलं. आणि मग, आपल्याला हे आत्ता कळलंय हे कुणाला कळू नये, म्हणून त्या गोड हसल्या.

"हो. आम्ही मुद्दामच बटर टाळलं," त्या म्हणाल्या. "इंडिजिनस फॅट. बरेच दिवस मनात होतं माझ्या."

बरेच दिवस! बटर अजून लॉजच्या फ्रीजमध्ये गार पडलं होतं. पण सुशिक्षित माणसाची चूक चूक नसते, ती कल्पना असते. आमच्या बायांची चूक मात्र अडाणीपणा. हा भाव ठरलेला आहे, त्यात घासाघीस नाही.

मॅनेजरने एक खाल्लं, दुसरं घेतलं. "वा! हे वेगळं आहे. थोडं धुरकट, थोडं कडसर. मोह बटर कुकीज! पाहुणे वेडे होतील." सखीने माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. झालं, राहिली बाई, असं वाटलं.

पण मॅनेजर पुढे बोलत होता. "फक्त इथे नको. धूर, राख, हायजीन... तुम्ही आम्हाला तेल पुरवा. आमचा शेफ किचनमध्ये करेल. पाकिटावर तुमच्या बायकांचा फोटो टाकू, दागिने घालून."

"चालेल की," चंदा म्हणाली. तिला भट्टी काय आणि तेल काय, अध्यक्षपद शाबूत होतं. मॅडमही मान डोलवत होत्या. 'मार्केट लिंकेज' झालं होतं त्यांचं.

"म्हंजे हिथं भट्टी नाय?" सखीने विचारलं.

"गरजच नाही मावशी. तुम्ही आता आराम करा."

आराम! ऊन उतरायला लागलं होतं आणि खालच्या रस्त्याने वामन मुकादम कधीही येणार होता. आणि हा पांढऱ्या बुटाचा तिला आराम करायला सांगत होता. माझी जीभ वळवळत होती, पण सखी माझ्याआधी बोलली. अगदी शांतपणे, सूप कडेवर घेत.

"न्या तेल. न्या. पन फाटंल."

"काय फाटेल?"

"मोहनां तेल. घाट उतरलां का फाटतां."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. अहो, मोखाड्याच्या बाजारातून या तेलाचे डबे नाशिकपर्यंत जातात. घाट उतरतात, चढतात, ऊन खातात. आजवर एक डबा फाटलेला नाही.

"असं कसं?" मॅनेजर म्हणाला.

"झाड माळावरचां. त्याला हिथला गारवा लागतो. खाली नेलां का रुसतां." सखीने आवाज खाली आणला. "आमची मानसां भात घेऊन जातात घाट उतरून, नाचणी नेतात. मोहनां तेल कोन नेत नाय."

"रुसतं," नेत्रा मॅडम पुटपुटल्या. त्यांचे डोळे पाणावले होते, देवाशपथ. त्यांनी फोन काढून सखीवर धरला. "पुन्हा सांगा ना."

सखीने पुन्हा सांगितलं, आता थोडं वाढवून. ज्या हाताने तेल तापवलं त्याच हाताने भाजायचं. दुसरा हात लागला की कडू.

मॅनेजरच्या कपाळावर आठी. "सायंटिफिकली याला काही..."

"अॅल्टिट्यूड!" मॅडम त्याला तोडून म्हणाल्या. "उंचीवर तापमान कमी, फॅट वेगळं क्रिस्टलाइज होतं. खाली टेक्स्चर जाणारच. या लोकांना हे शतकानुशतकं माहीत आहे हो, आपल्याला आत्ता कळतंय."

बघा! खोटं सखीचं, आणि त्याला शास्त्र पुरवलं ठाण्याने. हेच सखी म्हणाली असती की 'साहेब, मला विटा वाहायच्या नाहीत, भट्टी इथेच ठेवा', तर यातल्या एकाने तरी ऐकलं असतं का? आमच्या माणसाने गरज सांगितली की यांना ती मागणी वाटते, लगेच कपाळाला आठ्या. झाडं रुसतात म्हणून सांगितलं की डोळ्याला पाणी आणि हातात कॅमेरा.

चंदा मात्र पाड्यावरचीच. तिला सगळं कळत होतं आणि ते सहन होत नव्हतं. "अगं सखे, काहीही काय..."

"चंदाताईच्या आयसला विचारा," सखी म्हणाली. "कोंडी आजी. माहेरी डबाच टांगलेला हाय त्यांच्या. मी तिच्याकनंच शिकली."

"तुमच्या आईकडून?" नेत्रा मॅडम चंदाकडे वळल्या. "ग्रेट! तुम्ही कधी बोलला नाहीत!"

चंदा कात्रीत सापडली. नाही म्हणावं तर अध्यक्षाच्या घरचा वारसा जातो, हो म्हणावं तर रिफाइंड जातं. तिने फार थोडा वेळ घेतला.

"हो, म्हणजे... आमच्याकडे आधीपासूनच मोहाचंच," ती म्हणाली. "दुसरा हात लागला की कडू होतं, हे खरंय."

मॅनेजरने हात वर केले. "ठीक आहे. भाजून इथूनच पाठवा. पण याच बाईच्या हातचं पाहिजे मला. आणि गोष्ट पाकिटावर छापायची." ती गोष्ट पुढे फलकावर चढली, अधिक शुद्ध मराठीत.

गाडी धुरळा उडवत गेल्यावर मी सखीला म्हटलं, "बाई, मोह संपला की काय करशील? बी वर्षातून एकदाच येतं."

"डालडा हाय की."

"आणि चव?"

"थोडा धूर करायचा."

मी तिला झाडणार होतो. लोकांच्या ताटात काय वाढतो याचा काही धर्म असतो की नाही! पण खालून इंजिनाचा आवाज आला.

वामन मुकादमाची गाडी समाजमंदिरासमोरच थांबली. मागे जोड्या भरलेल्या होत्या, गाठोडी, पातेली, कोंबड्या. बारक्या आपलं गाठोडं घेऊन आधीच उभा होता.

"चल रे बारक्या, चढ. चल गं सखे, टाइम नाय," वामन म्हणाला.

"मी नाय येत."

"फिर वही! दरवर्षीचं नाटक आहे तुझं. चढ."

"मना काम हाय हिथं. माज्याच हाताचां लागतां."

"काय लागतां?"

"तुला नाय कलायचां. दुसरा हात लागला का कडू होतां."

मागे बसलेल्या बाया हसल्या. वामनने हॉर्न दाबला, उतरला, मला पाहिलं आणि परत चढला. मला पाहिलं की त्याचे पाय नीट चालतात.

बारक्याने एक पाय गाडीच्या फळीवर ठेवला. "मी येतो, शेठ."

"एकटा? एकट्याला मी काय करू? जोडी आहे का तुझी? नाही ना? मग उतर."

बारक्या उतरला. गाडी गेली. तो गाठोडं छातीशी धरून रस्त्यावरच उभा राहिला. सखी आत गेली होती. चुलीतले निखारे ती झाकणावर ओढत होती.

"आता मी काय करू गं?" तो दारातून ओरडला. आवाजात राग होता, आणि रागाखाली भीती.

"फाटी आन," ती आतून म्हणाली. "सुकी. ओली आनशील तर परत धाडीन."

बारक्याने गाठोडं उंबऱ्यावर ठेवलं, तिला एक शिवी दिली, आणि कोयता शोधायला लागला.